चकमकीनंतरचा पहिला कागद

चकमकीत कोणी मेला की दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'दंडाधिकारी चौकशीचे आदेश' ही ओळ हमखास येते. वाचणाऱ्याला वाटतं, तपास लागला. दोष वाचणाऱ्याचा नाही. 'चौकशी' आणि 'तपास' हे शब्द मराठी वर्तमानपत्रांनी, त्यांत आम्हीही आलो, वर्षानुवर्षं एकमेकांच्या जागी वापरले. कायद्यात ती दोन निराळी कामं आहेत. तपास पोलीस करतात. त्यासाठी आधी गुन्हा नोंदवलेला असावा लागतो आणि तो संपतो आरोपपत्रावर नाहीतर समरीवर, म्हणजे प्रकरण बंद करण्याच्या अहवालावर. चौकशी दंडाधिकारी करतात आणि मृत्यू कसा झाला याचा अहवाल देतात. त्या अहवालाने आपोआप कोणी आरोपी होत नाही. मुंबईतल्या चकमकींवरून कोर्टात जे झगडे झाले, त्यांतले बहुतेक याच फटीत अडकलेले आहेत.

सुरुवातीचा काळ सगळ्यांना पाठ आहे. 11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात एक दरोडेखोर मारला गेला, त्याला 'मुंबईतली पहिली चकमक' म्हणायची प्रथा पडली. नोव्हेंबर 1991 मध्ये लोखंडवाला संकुलात भरदिवसा सातजण मारले गेले. तपासाच्या दृष्टीने या दोन्हींत सांगण्यासारखं थोडंच आहे, कारण तेव्हा कोणी तपास मागतच नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते.

खरा पेच 1995 ते 1997 या तीन वर्षांतला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात नोंदवलेला आकडा आहे: मुंबई पोलिसांच्या सुमारे 99 चकमकी आणि त्यांत सुमारे 135 मृत्यू. त्या काळी क्राइमच्या पानावर बसणाऱ्याला मजकूर तोंडपाठ असायचा. गुप्त बातमीदाराकडून खबर, सापळा, 'शरण ये' असा इशारा, आरोपीकडून गोळीबार, स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर, रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीच मृत घोषित. त्यातलं नाव, नाका आणि पिस्तुलाचा बोअर तेवढा बदलायचा. गोळ्या एकाच बाजूला लागायच्या, हे वाक्य मात्र आम्ही क्वचितच छापलं. उलट 'चकमकफेम' हे विशेषण आम्हीच घडवलं. मराठीत फेम नटाला आणि गायकाला लागतं.

या मजकुरामागे पोलीस ठाण्यात एक कागद तयार व्हायचा, आणि सगळी गोम त्यातच आहे. फिर्यादी असायचा गोळी झाडणारा अधिकारी किंवा त्याच्या पथकातला कोणी. आरोपीच्या रकान्यात मेलेल्याचं नाव. कलम 307, खुनाचा प्रयत्न. जोडीला शस्त्र कायदा. मृत्यूची वेगळी नोंद एडीआर (अकस्मात मृत्यूची नोंद) म्हणून, म्हणजे इमारतीवरून पडलेल्या रंगाऱ्याची होते तशीच. पुढे आरोपी मयत असल्याने खटला चालवायला कोणी उरत नाही, म्हणून 'अबेटेड समरी'. फाइल बंद. पोलिसांनी माणूस मारला, तो कायद्यात बसतो का, हा प्रश्न या सगळ्या प्रवासात कुठल्याच कागदावर विचारला जात नाही.

ऑगस्ट 1997 मध्ये कॅसेट कंपनीच्या मालकाचा अंधेरीत खून झाला. शहर हादरलेलं असतानाच, 26 ऑगस्टला, बॅलार्ड पिअरजवळ एकजण चकमकीत मारला गेला. पोलीस म्हणाले, टोळीचा नेमबाज. घरचे म्हणाले, शेंगदाणे विकणारा, आणि हा माणूस तो नव्हेच. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सत्र न्यायाधीशांकडे चौकशी सोपवली. त्यांनी साक्षी घेतल्या, वैद्यकीय पुरावा तपासला आणि ही चकमक खरी नव्हती असा निष्कर्ष दिला. सप्टेंबर 1997 च्या आणखी एका चकमकीबद्दलही तसाच. फेब्रुवारी 1999 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निष्कर्ष फेटाळला, पोलिसांचं म्हणणं ग्राह्य धरलं आणि पुढच्या चकमकींसाठी काही नियम घालून दिले. मानवी हक्कवाले सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले. अपील 15 वर्षं पडून राहिलं. चकमकींचा सगळ्यात धामधुमीचा काळ नेमका याच 15 वर्षांत येतो, हे योगायोगावर सोडून देणं मला जमत नाही.

इथे थोडं शहराबाहेर पाहायला हवं. चकमकींसाठीची देशातली पहिली लेखी चौकट मुंबईच्या टोळ्यांमुळे आली नाही. ती आली आंध्रातल्या संशयित नक्षलवाद्यांच्या मृत्यूंवरून. तिथल्या नागरी हक्कवाल्यांच्या तक्रारीवर निर्णय देऊन राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 29 मार्च 1997 रोजी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं: मृत्यूची खबर ठाण्यात येताच ती दखलपात्र गुन्ह्याची माहिती समजा, आणि त्याच ठाण्याचे पोलीस गुंतलेले असतील तर तपास दुसऱ्या यंत्रणेला द्या. बॅलार्ड पिअरच्या पाच महिने आधी हे पत्र राज्यांकडे गेलेलं होतं. मणिपूरचं प्रकरण बरंच नंतरचं. 1528 मृत्यूंची यादी घेऊन कुटुंबं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जुलै 2016 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की समोरचा बंडखोर असला तरी प्रमाणाबाहेर बळ वापरायची मुभा नाही. आपल्या गडचिरोलीत एप्रिल 2018 ला इंद्रावतीकाठी 40 जण मारले गेले, तेव्हा मुंबईत त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या वर्सोव्याच्या चकमकीवर एका दुपारी होते.

वर्सोव्याचीच गोष्ट घ्या. 11 नोव्हेंबर 2006. वाशीतून दोघांना उचललं गेलं. त्यांतल्या एकाचा भाऊ वकील. त्याने त्याच दुपारी पोलीस आयुक्तांना तारा आणि फॅक्स केले: भावाला नेलंय, जिवाला धोका आहे. संध्याकाळी नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' झाली. एरवी घरच्यांचं म्हणणं नंतर रचलेलं ठरवता येतं. इथे तारखेचा आणि वेळेचा शिक्का तार खात्याचा होता. एवढा पुरावा हातात असताना काय झालं, ते क्रमाने पाहा. दंडाधिकारी चौकशीचा आदेश फेब्रुवारी 2008 मध्ये, तोही उच्च न्यायालयाचा. अहवाल ऑगस्ट 2008 मध्ये: मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला. म्हणजे चौकशी झाली. तपास? त्यासाठी आणखी एक वर्ष आणि उच्च न्यायालयाचा आणखी एक आदेश लागला. खुनाचा गुन्हा दाखल करा आणि विशेष पथक नेमा, असं ऑगस्ट 2009 मध्ये सांगितलं गेलं. वाशीतून उचललेला दुसरा माणूस, मुख्य साक्षीदार, मार्च 2011 मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेहच सापडला. 12 जुलै 2013 ला सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप दिली, त्यांत 13 पोलीस. (दोन दिवसांनी, 14 जुलैला, देशातली शेवटची तार गेली.) त्यात सुटलेल्या सर्वांत नामांकित अधिकाऱ्याला उच्च न्यायालयाने 19 मार्च 2024 रोजी दोषी ठरवलं.

1999 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या त्या अपिलाचा निकाल लागला 23 सप्टेंबर 2014 रोजी. त्यातल्या 16 सूचना कागदावर चोख आहेत: तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, प्रत्येक मृत्यूची दंडाधिकारी चौकशी, हत्यारं जमा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून आणि चित्रीकरणासह, शौर्य निःसंशय ठरेपर्यंत पदक नाही की बढती नाही. गाडी रुतते ती दुसऱ्या सूचनेत. चकमकीत मृत्यू झाला तर 'त्या आशयाचा' एफआयआर नोंदवा आणि तो न्यायालयाला पाठवा, असं तिथे म्हटलं आहे. कुठल्या आशयाचा? गोळी लागून माणूस मेला, या आशयाचा? की मेलेल्याने पोलिसांवर हल्ला केला, या आशयाचा? हक्कवाल्यांचं म्हणणं, स्वसंरक्षण हा बचाव आहे. आधी पोलिसांवर गुन्हा नोंदवा, बचाव कोर्टात सिद्ध होईल. पोलिसांचं म्हणणं, कर्तव्यावरच्या माणसाला दर वेळी खुनाचा आरोपी करायचं तर हत्यार उचलणार कोण. दुसरं म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण व्यवहारात त्याचा अर्थ जुनाच कागद चालू ठेवणं असा झाला: फिर्यादी पोलीस, आरोपी मयत. सूचना पाळल्याची खूणही झाली आणि काही बदललंही नाही.

बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, तळोजा तुरुंगातून नेला जाणारा बदलापूर प्रकरणातला (शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरचे अत्याचार) कच्चा कैदी मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. त्याच आठवड्यात त्याच्या नावाने काही ठिकाणी पेढे वाटले गेले. गुन्ह्याचं स्वरूप पाहता राग समजण्यासारखा होता. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयात आला. व्हॅनमधल्या पाच पोलिसांना त्यात जबाबदार धरलं होतं, हिसकावल्याचं सांगितलेल्या पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते. तरी पोलिसांवर एफआयआर नव्हताच. सरकारची बाजू अशी की एडीआर आहे, सीआयडी पाहते आहे, वेगळ्या गुन्ह्याची गरज नाही. म्हणजे पुन्हा तीच गल्लत, या वेळी कोर्टात शपथेवर. मृताच्या आईवडिलांनी मध्येच प्रकरण पुढे चालवायला नकार दिला. न्यायालयाने ते सोडलं नाही आणि 7 एप्रिल 2025 रोजी विशेष पथकाकरवी तपासाचा आदेश दिला. या वेळी शब्द 'तपास' होता.

गुन्हा नोंदला गेला तरी पुढे मंजुरीची पायरी असते: सरकारी नोकरावर कर्तव्यातल्या कृतीसाठी खटला चालवायला कलम 197 खाली सरकारची परवानगी. जून 2004 मध्ये मुंब्र्याची 19 वर्षांची विद्यार्थिनी आणि तिघे पुरुष 'लष्कर-ए-तैयबाचे हस्तक' म्हणून अहमदाबादजवळ मारले गेले. दंडाधिकारी, विशेष पथक, सीबीआय, तिघांनीही चकमक बनावट म्हटली. पण सरकारने कलम 197 ची परवानगी नाकारली, आणि 2021 पर्यंत उरलेले अधिकारीही आरोपमुक्त झाले. गुजरातच्याच दुसऱ्या चकमकीचा खटला मुंबईत वर्ग झाला होता. तो डिसेंबर 2018 मध्ये इथल्या सीबीआय न्यायालयात संपला: 210 साक्षीदार, 92 फितूर, 22 आरोपी, सगळे निर्दोष.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. दंडाधिकारी चौकशीचं 176 आता 196 झालं आणि 197 चं झालं 218. नव्या 218 मध्ये एक भर आहे: मंजुरीचा प्रस्ताव मिळाल्यापासून 120 दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. प्रस्ताव जातो तपास पूर्ण झाल्यावर. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालावरून हे 120 दिवस मोजायला सुरुवात होत नाही.