पत्राखालची एक ओळ

नवं संकेतस्थळ जाहिरातीशिवाय कर्णोपकर्णी कसं पसरतं, हा विषय निघाला की हॉटमेल या मोफत ईमेल सेवेपाशी यावंच लागतं. कारण तिथे सांगणाऱ्याला आपण काही सांगतोय याचा पत्ताही नव्हता.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ कॅलिफोर्नियात एकाच कंपनीत नोकरीला होते आणि नोकरी सांभाळून स्वतःचं काहीतरी उभं करायची त्यांची धडपड चालली होती. त्याबद्दल एकमेकांना लिहायचं कुठून? ऑफिसच्या मेलवर लिहिलं तर साहेबांच्या नजरेला पडणार, आणि फायरवॉलमुळे, म्हणजे ऑफिसच्या जाळ्याभोवतीच्या सुरक्षा-भिंतीमुळे, खाजगी मेल तिथून उघडत नव्हता. या अडचणीतूनच कल्पना निघाली: जिथे ब्राउझर उघडतो तिथे आपलं टपालही उघडलं पाहिजे. ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॉटमेल सुरू झालं.

भांडवल पुरवणाऱ्यांपैकी टिम ड्रेपर यांनी एक सूचना केली. इथून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी एक ओळ टाका: तुमचाही मोफत ईमेल हॉटमेलवर घ्या. दोघा संस्थापकांना हे पटेना. दुसऱ्याच्या खाजगी पत्रात आपण शब्द घुसवायचे? मला हा संकोच फार महत्त्वाचा वाटतो. पत्र ज्याचं त्याचं असतं, आणि त्यात न विचारता लिहिणं ही साधी गोष्ट नाही. ड्रेपर यांना तर त्या ओळीत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असा ताजा कलमही हवा होता. तो गळला, ओळ राहिली.

मग जे झालं त्याचा वेग आजही थक्क करतो. दीड वर्षात सुमारे १ कोटी २० लाख वापरकर्ते झाले. जाहिरात आणि प्रसिद्धीवरचा खर्च ५ लाख डॉलरच्या आतच राहिला. जूनो या प्रतिस्पर्ध्याने २ कोटी डॉलरहून जास्त ओतले, तरी त्याचे वापरकर्ते कितीतरी कमी होते. एखाद्या गावात पहिला माणूस नाव नोंदवी आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा सगळा गोतावळा येई. भारतात आणि स्वीडनमध्ये काहीही प्रचार न करता हॉटमेल सगळ्यांत मोठी ईमेल सेवा बनली.

आपल्याकडे हे इतकं का रुजलं, याचं कारण सायबर कॅफेत होतं. व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण घरी संगणक आणि जोडणी असणारे थोडेच. जो तासाचे पैसे मोजून दुसऱ्याच्या यंत्रावर बसतो, त्याला कुठूनही उघडणारा मेल लागतो. मला आठवतात ते प्लायवुडचे कप्पे, मोडेमची ती किरकिर, आणि अमेरिकेतल्या आतेभावाचं रोमन लिपीतलं मराठी पत्र. ‘मामीला नमस्कार सांग’ असं लिहून खाली त्याचं नाव, आणि नावाखाली ती इंग्रजी ओळ. आपल्या दादाचं पत्र इथूनच आलं, मग हे चालतं यात शंका कसली? उठण्याआधी मी खातं काढलं होतं.

डिसेंबर १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतलं. त्याच वर्षी ड्रेपर आणि त्यांचे भागीदार स्टीव्ह जर्व्हेटसन यांनी या प्रकाराला ‘व्हायरल मार्केटिंग’, म्हणजे विषाणूसारखा पसरणारा प्रचार, म्हटलं आणि तो शब्द रूढ झाला. मला तो कधी आवडला नाही. साथ कुणाकडूनही लागते, अनोळखी माणसाकडूनही. ही ओळ ओळखीच्या माणसाच्या पत्राखाली यायची, आणि तिची सगळी ताकद त्यातच होती.

पुढे पेपॅल या इंटरनेटवरून पैसे पाठवायच्या सेवेने मित्राला आणणाऱ्याला आणि येणाऱ्यालाही रोख डॉलर दिले. त्याने माणसं आली, पण शिफारशीला दाम लागला. १ एप्रिल २००४ला आलेल्या जीमेलने उलटी वाट धरली: ओळखीच्या कुणीतरी आमंत्रण पाठवल्याशिवाय खातंच मिळेना. हाती मोजकीच आमंत्रणं असल्यामुळे ती कुणाला द्यायची याचा लोक खरोखर विचार करत.