७२ पट लहान लिबरेटर: फिरते प्रॉपेलर, फाटलेला पत्रा आणि त्यामागचं फिजिक्स

बॉम्बर विमानाचं मॉडेल करायचं, त्याचे प्रॉपेलर मोटरवर फिरवायचे आणि अंगावर लढाईच्या खुणाही दाखवायच्या असं ठरवलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते, स्केल फक्त लांबीला लागू होतं. बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या अमेरिकी बॉम्बरच्या पंखांचा पसारा ३३.५ मीटर, १/७२ मध्ये तो साडेसेहेचाळीस सेंटिमीटर होतो, टेबलावर आरामात मावतो. पण वजन लांबीच्या घनाने उतरतं, म्हणजे ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, जवळपास पावणेचार लाख पट. त्या हिशोबाने साडेसोळा टनांचं रिकामं विमान ४४ ग्रॅमचं व्हायला पाहिजे आणि प्लास्टिकचं किट तर त्याहून कितीतरी जड असतं. काळ तर लहान होतच नाही, सेकंद तो सेकंदच, आणि उजेडही तोच. मॉडेल खरं वाटायचं असेल तर काय ७२ ने भागायचं आणि काय तसंच ठेवायचं हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं, आणि मला या छंदातला सगळ्यात आवडता भाग हाच वाटतो.

लिबरेटरच का, तर ते आपलंही विमान आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला कितीतरी लिबरेटर टाकून दिलेले होते, कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम नासधूसही केलेली होती. एचएएल या आपल्या विमानं बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांनी त्यातली ४० च्या आसपास विमानं पुन्हा उडती केली, नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबरच्या स्क्वाड्रनला ती मिळाली आणि १९६८ पर्यंत ती हवाई दलात होती. पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक ठेवलेलं आहे. आपल्या नागपुरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे विमान दुरुस्त करून पुन्हा उडवणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे इथल्या बऱ्याच घरांत वेगळं सांगावं लागत नाही.

आता प्रॉपेलर. खऱ्या विमानात १४ सिलिंडरचं इंजिन असतं, प्रॉप त्याला थेट जोडलेला नसतो, मध्ये गिअर असतात, इंजिनाच्या १६ फेऱ्या झाल्या की प्रॉपच्या ९ होतात. टेकऑफला इंजिन मिनिटाला २७०० फेऱ्या मारतं म्हणजे प्रॉप साधारण १५०० आरपीएमला फिरतो, आणि त्याचा व्यास साडेतीन मीटर असल्यामुळे पात्याचं टोक सेकंदाला २८० मीटरच्या वेगाने हवा कापतं, आवाजाच्या वेगाच्या बरंच जवळ. मॉडेलमध्ये प्रॉप पाच सेंटिमीटरचा, तोच आरपीएम ठेवला तर टोकाचा वेग येतो सेकंदाला चार मीटर. हवा हलेल न हलेल इतकंच. पण डोळ्याला टोकाचा वेग कळत नाही, डोळ्याला कळतं की एका सेकंदात किती पाती समोरून गेली, आणि हा आकडा मॉडेलमध्ये आणि खऱ्या विमानात सारखाच ठेवायला लागतो. सेकंदाला साधारण ५०-६० पाती गेली की आपल्याला सुटी पाती दिसत नाहीत, धुरकट चकती दिसते. तीन पात्यांचा प्रॉप १२०० आरपीएमला सेकंदात २० फेऱ्या मारतो, म्हणजे ६० पाती, बस झालं.

म्हणून खेळण्यातल्या ड्रोनची ती इवलीशी मोटर इथे चालत नाही. ती हजारो आरपीएमला पळते, आणि प्रॉपच्या एका पात्यावर रंगाचा थर जरा जाड बसला असेल तरी हादरे येतात, कारण हादऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग आठपट तर हादरा चौसष्टपट. त्यापेक्षा एन-२० नावाची गिअरवाली छोटी मोटर बरी, १००० ते १५०० आरपीएमवाली घ्यायची, जाडी १२ बाय १० मिलिमीटर, १/७२ च्या इंजिनाचा व्यास १७ मिलिमीटर येतो त्यामुळे नॅसेलच्या, म्हणजे पंखावरच्या इंजिनाच्या आवरणाच्या, आत ती लपते. मोटरांना जोडायला जाड वायर नको, पंखातून जात नाही. आपल्याकडे कूलरच्या मोटरी रिवाइंड करणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, तिथे मिळणारी बारीक तांब्याची वाइंडिंगची तार एकदम योग्य, तिच्यावर लाखेसारखं इन्सुलेशन असतं, टोकं तेवढी खरवडून घ्यायची. मोटरी सगळ्या पॅरलल जोडायच्या. सिरीजमध्ये जोडल्या आणि एक अडकली तर तिचा बॅक-व्होल्टेज, म्हणजे फिरताना मोटर स्वतः तयार करते तो उलटा व्होल्टेज, जातो, मग उरलेल्यांना जास्त व्होल्टेज मिळून त्या सुसाट सुटतात. आणि चारही प्रॉप एकाच दिशेने फिरायला पाहिजेत, मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. सेल मात्र नाकाच्या बाजूला ठेवायचे, कारण लिबरेटर तीन चाकांवर उभा असतो आणि पुढे वजन नसलं की शेपटीवर बसतो, म्हणजे नाहीतरी जे वजन पुढे भरावंच लागलं असतं ते सेलनेच होऊन जातं.

एक मजा बघण्यासारखी आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातला एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. प्रॉप बरोबर १००० आरपीएमला असेल तर दोन लुकलुकींच्या मध्ये तो ६० अंश फिरतो, पाती १२० अंशांवर असतात, म्हणजे एकदा पाती त्यांच्या जागी आणि पुढच्या वेळी बरोबर दोन पात्यांच्या मधल्या फटीत, आणि आपल्याला दिसतो सहा पात्यांचा जागेवर थांबलेला प्रॉप! आरपीएम जरा कमी झाला तर तो हळूहळू उलटा फिरताना दिसतो. मोटर बिघडलेली नसते, खिडकीपाशी उन्हात नेऊन बघा, छान चकती दिसेल.

लढाईच्या खुणांकडे येऊ. इथे स्केल सगळ्यात जास्त छळतं. किटचं प्लास्टिक साधारण एक मिलिमीटर जाड असतं, ७२ ने गुणलं तर विमानाची कातडी सात सेंटिमीटर जाड, रणगाड्यासारखी. खऱ्या विमानाचा पत्रा बऱ्याच भागात अर्धा ते एक मिलिमीटरच असतो. म्हणून नुसतं ड्रिलने भोक पाडलं की ते लाकडात पाडल्यासारखं दिसतं. यावर उपाय घरातच आहे, पोळ्या गुंडाळायची फॉइल. ती साधारण ११ मायक्रॉनची असते, आणि ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला ७२ ने भागा, बरोबर ११ मायक्रॉन! प्लास्टिकमध्ये खिडकी कापायची, आतून बारीक पट्ट्या चिकटवून विमानाचा सांगाडा दाखवायचा आणि वरून फॉइल चिकटवायची. २० मिलिमीटरच्या तोफगोळीचं भोक स्केलमध्ये ०.२८ मिलिमीटर, शिवणाच्या सुईचं नुसतं टोक टेकवलं तरी पुरतं, पूर्ण सुई आत घातली तर भोक तोफेच्या गोळ्याएवढं दिसायला लागतं. विमानविरोधी तोफांचे गोळे हवेत फुटायचे आणि त्यांचे तुकडे बहुतेक खालून यायचे, तेव्हा पोटाकडच्या भोकांच्या कडा आत वळलेल्या पाहिजेत आणि पाठीवरच्या बाहेर, फुलासारख्या उमललेल्या. फॉइलला सुई कुठून टोचायची हे त्यावरून ठरतं. कडांना तपकिरी गंज मात्र लावू नका, ॲल्युमिनियम तसं गंजत नाही, त्यावर काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर चढतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो, म्हणून ताजी फाट चकचकीत चंदेरी दिसते.

भोकं कुठे पाडायची याचाही विचार हवा. अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञाने महायुद्धात कोलंबिया विद्यापीठात याच प्रश्नावर काम केलं होतं, परत आलेल्या विमानांवरच्या भोकांवरून न परतलेल्यांचं काय झालं असेल ते काढायचं. परतलेल्या विमानावर जिथे भोकं कमी दिसतात ती जागा जास्त नाजूक, कारण तिथे लागलेली विमानं परतच आली नाहीत. (हा माणूस १९५० मध्ये भारतात व्याख्यानं द्यायला आला होता, निलगिरीत विमान अपघातात गेला, फार वाईट वाटतं.) म्हणून तुमचं विमान घरी परत येताना दाखवायचं असेल तर पंख आणि धड जाळीदार करा पण चारही इंजिनं फोडू नका. एक बंद पडलेलं चालेल. बंद इंजिनाचा प्रॉप पायलट फेदर करतो, म्हणजे पाती वळवून त्यांची धार वाऱ्याकडे करतो, नाहीतर ती आडवी पाती हवेला भयंकर अडवतात. मॉडेलमध्ये ती तीन पाती मुळाशी कापून वळवून पुन्हा चिकटवायची, तिथे मोटर लागतच नाही, तीनच मोटरींत काम होतं. त्या इंजिनामागे तेलाचा काळा ओघळ दाखवायचा तो खाली नाही तर मागे, हवेच्या दिशेने जायला हवा.

आणि नागपुरात मे महिन्यात हे करणार असाल तर एवढं बघा, ४५ डिग्रीत स्प्रेचा रंग मॉडेलवर पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि भुकटीसारखा बसतो, म्हणून रंगकाम पहाटेच. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर धरतो, त्यामुळे कूलर चालू असलेल्या खोलीत तो झटकन धरतो पण आजूबाजूला पांढरी धूसर बुरशीसारखी छटा सोडतो. कूलर बंद करा, चिकटवा, मग लावा. धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी तिन्ही मोटरी अर्धा तास सलग चालवून बघा, एकदा सांधा बसला की आतल्या तारेपर्यंत पुन्हा हात पोचत नाही.