डोंगरात विमान पडलं तर भरपाईचा दावा कसा करायचा, मुदत आणि कागद

घरचं माणूस गेलेलं असताना कागदांचं बोलणं नकोच वाटतं, पण दावे बुडतात ते याच दिवसांत, म्हणून लिहितोय.

आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक वेळा 1999 चा मॉन्ट्रियल करार (विमान कंपनीने भरपाई किती आणि कशी द्यायची हे ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) लागतो आणि त्यात मुदत फक्त 2 वर्षं. ती मोजायची विमान जिथे पोचायला हवं होतं त्या तारखेपासून. मृत्यूचा दाखला हातात आला तेव्हापासून नाही, चौकशी अहवाल आला तेव्हापासून तर नाहीच. आणि कंपनीला मेल केले, पत्रं दिली, त्यांनी 'बघतो' म्हटलं, याने मुदत थांबत नाही, 2 वर्षांच्या आत कोर्टात दावा दाखल झालेला लागतो. अहवालाची वाट बघू नका हो! तो पुन्हा अपघात होऊ नये म्हणून असतो, दोष ठरवायला नाही. 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआरपर्यंत (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचं रुपयांतलं मूल्य बदलत राहतं) कंपनीची चूक सिद्ध करावीच लागत नाही, फक्त नुकसान दाखवायचं, म्हणजे पगाराच्या स्लिपा, अवलंबून कोण त्याचे पुरावे.

डोंगरातल्या अपघातात सगळ्यात मोठी अडचण ओळख पटवण्याची. 1966 मध्ये आल्प्समधल्या मॉन्ट ब्लाँक डोंगरावर एअर इंडियाचं विमान पडलं, 117 जण गेले, त्यातली टपालाची पिशवी हिमनदीतून 2012 ला मिळाली. डीएनएसाठी आईवडील किंवा मुलांचं सॅम्पल लागतं, नवरा-बायकोचं चालत नाही, आणि बायकोच रांगेत उभी असते तेव्हा हे तिला आधी कोणीच सांगत नाही. एका घरात पाहुण्यांनी मदत म्हणून खोली आवरली आणि गेलेल्याचा टूथब्रश, रेझर सगळं टाकून दिलं. अशा वस्तू डीएनएसाठी तशाच कागदी पाकिटात ठेवा, दाताच्या डॉक्टरकडचे एक्स-रे पण मागून घ्या.

मृतदेह मिळालाच नाही तर '7 वर्षं थांबा' असं सरकारी कचेरीच्या खिडकीवर बेधडक सांगतात. तो नियम मुळात ठावठिकाणाच न लागलेल्या माणसासाठी आहे. बोर्डिंगचा रेकॉर्ड आणि प्रवाशांची यादी घेऊन कोर्टाकडून मृत्यू घोषित करून मागता येतो, वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारा.

तिकीट जपा. डोंगराळ भागातली छोटी फ्लाइट बरेचदा देशांतर्गत असते, ती परदेशी प्रवासाच्या एकाच बुकिंगचा भाग असेल तर मॉन्ट्रियल लागू शकतो, वेगळी काढली असेल तर त्या देशाचा कायदा, आणि तिथे रक्कम खूप कमी असू शकते.

सुरुवातीला मिळणारी आगाऊ मदत जरूर घ्या, ती शेवटच्या भरपाईतून वजा होते एवढंच. पण सोबतच्या कागदावर 'पूर्ण व अंतिम' असं असेल तर वकिलाने वाचेपर्यंत सही करू नका.

बाकी वारस दाखला, भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) हे नेहमीचंच, फक्त पासपोर्ट आणि दाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघा.