लवंगी मिरचीचा आवाज : सुलोचना चव्हाण यांच्या लावणीगायनाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत गणपतीच्या दिवसांत मराठी गाण्यांचा कार्यक्रम असला की मध्यंतरानंतर प्रेक्षकांतून ‘लवंगी मिरची’ची फर्माईश येते आणि निवेदक ‘आता सुलोचनाबाईंची लावणी’ असे सांगून ढोलकीवाल्याकडे पाहतो. या निवेदनात चूक काहीच नाही. मात्र या लावणीतला एकही शब्द सुलोचनाबाईंचा नाही आणि तिची चालही त्यांची नाही. 1962 साली आलेल्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटातले हे गाणे जगदीश खेबुडकर यांनी लिहिले आणि वसंत पवार यांनी त्याला चाल दिली. लिहिणारा माणूस याच जिल्ह्यातला आणि गाण्यातली बाई स्वतःला कोल्हापूरची म्हणवणारी. गाणारी तेवढी मुंबईत गिरगावात जन्मलेली. असे असताना हे गाणे गायिकेच्याच नावावर कसे जमा झाले, हे समजण्यासाठी लावणी कोण लिहीत होते, कोण गात होते आणि ती ध्वनिमुद्रिकेवर आल्यावर या दोघांच्या नात्याचे काय झाले, याकडे वळावे लागते.

तमाशाच्या फडाच्या जुन्या रीतीत लावणी लिहिणारा आणि गाणारा यांच्यातले अंतर फारसे नसे. रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ हे शाहीर रचना करीत आणि ती त्यांच्या फडातून लोकांसमोर येई. दुसऱ्याने गायली तरी कर्त्याचे नाव पुसले जात नसे, कारण ते लावणीतच ओवलेले असे. शेवटच्या कडव्यात कवी आपली छाप टाकी. ऐकणाऱ्याला आवडो वा न आवडो, उठून जाण्याआधी त्याच्या कानावर कर्त्याचे नाव पडल्याशिवाय राहत नसे. विसाव्या शतकात पठ्ठे बापूरावांपर्यंत ही रीत टिकून होती. बापूरावांच्या लावण्या पवळाबाईंच्या तोंडून लोकांनी ऐकल्या आणि दोघांची नावे जोडीने घेतली गेली. तरी ‘बापूरावांची लावणी’ हा शब्दप्रयोग कोणी बदलला नाही.

ही रीत मोडण्यात पहिला वाटा ग्रामोफोनचा आहे. फडावर एक लावणी रंगली की तिला वेळेचे बंधन नसे. ध्रुपद झाले की झीलकरी, म्हणजे मागे उभे राहून साथ देणारे, सूर धरीत, ढोलकी आणि तुणतुणे पुढे येत, एकच ओळ अदाकारीसाठी पुन्हा पुन्हा घेतली जाई आणि दौलतजादा करणाऱ्याच्या, म्हणजे खूश होऊन पैसे देणाऱ्याच्या, हौसेप्रमाणे कडवे लांबत जाई. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मिळत. तेवढ्या वेळात सगळा थाट बसवायचा म्हणजे काट मारणे आले आणि ती काट बहुधा शेवटच्या कडव्यांवर पडे. पुढे चित्रपटासाठी मुळातच आखूड बांध्याच्या लावण्या लिहिल्या जाऊ लागल्या, तेव्हा छाप टाकण्याचा प्रश्नच उरला नाही. मंगळवार पेठेतल्या एका घरात अशी एक तबकडी मला पाहायला मिळाली. दोन बोटांनी कडेला धरून ती उजेडात फिरवली की काळ्या रेघांवरून पांढरी चमक सरकत जाते आणि मधल्या गोल कागदावरची अक्षरे इतक्या वर्षांच्या हाताळणीने जवळजवळ पुसलेली दिसतात. ज्यांनी ती घरात वाजवून वाजवून झिजवली, त्यांच्याजवळ लावणीची ओळख म्हणून एक आवाज तेवढा राहिला.

दुसरी गोष्ट सरकारी बंदीची. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली, तरी वग आणि गाणी तपासून घेण्याची अट मागे राहिली. याच सुमारास, 1947 साली, ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. त्याच्या दिग्दर्शनात व्ही. शांतारामांबरोबर कोल्हापूरचे बाबूराव पेंटर होते आणि गीते ग. दि. माडगूळकरांची होती. त्यात रामजोशींची मूळ रचना जयराम शिलेदारांच्या आवाजात आणि माडगूळकरांची नवी लावणी शेजारीशेजारी ऐकू आली. तमाशाच्या थिएटरात पाऊल न टाकणाऱ्या घरांतली माणसे चित्रपटगृहात बसून लावणी ऐकू लागली. तमाशापटांची जी लाट पुढे पंधरा-वीस वर्षे टिकली तिचा उगम इथे आहे. या लाटेला शाळामास्तरांसारखे, पांढरपेशे आणि छंदाची जाण असलेले गीतकार हवे होते आणि ठसका असूनही मर्यादा न सोडणारे आवाज हवे होते.

अशा आवाजाच्या शोधात कोणी सुलोचना कदम यांच्याकडे आले असेल असे वाटत नाही, कारण 1933 साली जन्मलेल्या या मुलीचे नाव तेव्हा हिंदी पार्श्वगायनात होऊ लागले होते. बालमेळ्यात काम करता करता त्या चित्रपटसृष्टीत गेल्या आणि चाळिशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या निघू लागल्या. 1951 च्या ‘ढोलक’ या चित्रपटातली श्यामसुंदर यांच्या संगीतातली त्यांची गाणी जुन्या हिंदी गाण्यांच्या शौकिनांना अजून आठवतात. त्यांतल्या पुष्कळांना ती गायिका आणि आपली लावणीवाली सुलोचनाबाई एकच, हे सांगितल्यावर नवल वाटते. लावणीचे पद्धतशीर शिक्षण त्यांना कोणी दिलेले नव्हते. लहानपणी वत्सलाबाई कुमठेकर यांच्या लावणीची तबकडी कानावर पडली आणि तिच्याबरोबर गुणगुणत राहणे हेच काय ते शिक्षण. लावणीचा त्यांचा पहिला धडा फडातून न येता तबकडीतून आला, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वाटचालीच्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते.

‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटात, वसंत देसाई यांच्या संगीतात, अभिनेत्री हंसा वाडकर यांच्यासाठी त्यांनी पहिली लावणी गायली. पुढे ‘कलगीतुरा’साठी राजा बढे यांच्या लावण्या त्यांनी गायल्या. या चित्रपटाचे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सुलोचना कदम यांच्या सुलोचना चव्हाण झाल्या. चव्हाणांनी त्यांना जे शिकवले त्याला नाट्यव्यवसायात शब्दफेक म्हणतात. सूर त्यांच्यापाशी होताच. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता शब्द गिळल्यासारखा करून पुढचा उडवायचा, ‘गं’ आणि ‘हो’ सारख्या भरीच्या अक्षरांना केव्हा ओढ द्यायची आणि केव्हा हिसका, याची तालीम नवऱ्याने बायकोकडून करून घेतली. लावणीत नर्तिकेचे डोळे, खांदा आणि पदर जे बोलतात ते ध्वनिमुद्रिकेत दिसत नाही. तबकडीवरच्या लावणीला अदा हवी असेल तर ती उच्चारातच आणावी लागते, आणि सुलोचनाबाईंनी आयुष्यभर केले ते हेच. चालीच्या दृष्टीने साध्या असलेल्या त्यांच्या कित्येक लावण्या कानात बसतात, त्याचे कारण ही शब्दफेक आहे.

यानंतर कोल्हापूरचा भाग येतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, नंतर संस्थानच्या आश्रयाने उभे राहिलेले कोल्हापूर सिनेटोन, पुढे भालजी पेंढारकरांच्या ताब्यात येऊन त्याचे झालेले जयप्रभा स्टुडिओ, यांमुळे इथे चित्रपटाचा धंदा घरोघरी ओळखीचा होता आणि ग्रामीण विषयांना लागणारी माणसे, बोली, वेशभूषा हाताशी होती. याच मातीतले अनंत माने यांनी 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ दिग्दर्शित केला. त्यातली वसंत पवारांनी चाल दिलेली, आशा भोसले यांनी गायलेली बुगडीची लावणी सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाली. चित्रपटातल्या लावणीचे युग सुलोचनाबाईंनी सुरू केले असे उत्साहाच्या भरात लिहिले जाते. ते बरोबर नाही. वाट आधी रुळलेली होती. माने-पवार यांच्या पुढच्या एका चित्रपटात, ‘रंगल्या रात्री अशा’मध्ये, गीतकार म्हणून पेशाने शिक्षक असलेले खेबुडकर आले आणि आवाज सुलोचनाबाईंचा आला, तिथे वाटेला वेगळे वळण लागले.

खेबुडकरांना कोल्हापूरकर ‘नाना’ म्हणत. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचे घर जळाले तेव्हा सोळाव्या वर्षी त्यांनी पहिली कविता लिहिली, ती मानवतेला उद्देशून होती. अशा कवीकडून लावणी मागण्यात आली तेव्हा त्यांनी पंडिती शृंगार न लिहिता या भागातल्या बायकांच्या तोंडची फटकळ बोली उचलली. नाव-गाव विचारणाऱ्याला गावाचे नाव सांगून वर तिखटाचा इशारा देणारी ती बाई गंगावेशीत भाजी घेताना भेटावी इतकी खरी आहे. (जाता जाता : इथल्या कांदा-लसूण चटणीत पडते ती मुख्यतः संकेश्वरी आणि ब्याडगी. लवंगी ही बारीक आणि जाळ मिरची, ती काही कोल्हापूरची खास नव्हे. पण या गाण्यानंतर ती कोल्हापूरचीच झाली आणि आता तसे कोणी सांगू गेले तर कोणी ऐकून घेणार नाही.)

दोन वर्षांनी, 1964 च्या ‘सवाल माझा ऐका’मध्ये, खेबुडकर, पवार आणि सुलोचनाबाई हे तिघे पुन्हा एकत्र आले आणि त्यातून सोळाव्या वरसाची आणि पाटलाची खुशाली विचारणारी अशा दोन लावण्या मिळाल्या. या लावण्या आणि आधीची लवंगी मिरची कागदावर वाचून पाहाव्यात. ‘वरीस’, ‘हाय’, ‘म्हणत्यात’ हे शब्द इथल्या माणसाच्या बोलण्यात सहज येतात. गिरगावात वाढलेल्या बाईच्या जिभेला ते सहज येण्याचे कारण नव्हते. शहरी गायकांनी ग्रामीण शब्द उच्चारले की ते बहुधा नाटकी होतात, दर शब्दाखाली रेघ ओढल्यासारखे. सुलोचनाबाईंच्या गाण्यात ती रेघ दिसत नाही. ‘बरं हाय का’ मधला ‘हाय’ त्या मुद्दाम गावंढळ करीत नाहीत. पाटलाला वाड्याच्या दारात विचारावे तसा तो येतो आणि खोडी आधीच्या शब्दातल्या किंचित थांबण्यात असते. गीतकाराने शब्द दिले, संगीतकाराने जागा दिली, आणि बोलण्याचा टोन मात्र गाणाऱ्या बाईने आणला, असे या लावण्यांबाबत म्हणता येते.

निरनिराळ्या लेखणींना हा आवाज निरनिराळ्या तऱ्हेने सामोरा गेला. 1965 च्या ‘मल्हारी मार्तंड’मध्ये माडगूळकरांचे शब्द होते. फड सांभाळायला बजावणारी उसाची लावणी वरवर शेतीची आणि आतून शृंगाराची. माडगूळकरांनी द्वयर्थ इतका सफाईने बसवला आहे की गाणाऱ्याने डोळा मारला तर तो फुटकळ होऊन जाईल. सुलोचनाबाई ती शेतीचीच गोष्ट सांगितल्यासारखी गातात आणि अर्थाचे काम ऐकणाऱ्यावर सोडतात. याउलट राजा बढे यांची, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेली कळीदार कपुरी पानाची लावणी चित्रपटातली नाही. तिचा बाज बैठकीचा, शब्द कोवळे, चाल अवघड. ठसक्याच्या अपेक्षेने ऐकायला बसलेल्याला इथे आवाजातला लाडिकपणा आणि हरकतींतली नजाकत ऐकावी लागते. माझ्या मते त्यांच्या गायकीची खरी परीक्षा या ध्वनिमुद्रिकेत आहे, जरी लोकप्रियतेत ती लवंगी मिरचीच्या मागे असली. बढे आणि खळे याच जोडीचे, शाहीर साबळे यांनी गायलेले महाराष्ट्रगीत 2023 मध्ये राज्यगीत झाले. तीच लेखणी आणि तेच संगीत पानाच्या विड्यावरही तितकेच रमले होते, याची आठवण सहसा निघत नाही.

आचार्य अत्रे यांनी दिलेली ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 2012 चा, पद्मश्री 2022 ची, आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला मुंबईत त्यांचे निधन झाले. या मानसन्मानांपेक्षा त्यांच्या जाहीर कार्यक्रमांचे स्वरूप अधिक लक्षात घेण्यासारखे आहे. अंगभर पदर घेऊन, ध्वनिक्षेपकासमोर एका जागी उभे राहून त्या गात. नाच नाही, हातवारे नाहीत. ढोलकीवर पुढे त्यांचा मुलगा विजय चव्हाण बसू लागला. सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकांसमोर लावणी अशी गायली गेली की तिच्यावर आक्षेप घ्यायला जागा राहत नसे. या सभ्यतेची एक किंमतही आहे. फडावर आणि संगीतबारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या बैठकींत, आयुष्य काढलेल्या यमुनाबाई वाईकर आणि विठाबाई नारायणगावकर यांच्या लावणीत नाचणारीचे अंग, पोटापाण्याची निकड आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी चाललेला सवालजवाब एकत्र असत. ध्वनिमुद्रिकेने त्यातला आवाज वेगळा काढून घरात नेला आणि बाकीचे फडावरच राहिले. सुलोचनाबाईंनी हे कधी लपवले नाही. आपण लावणी गाणाऱ्या, नाचणाऱ्या नव्हे, हे त्यांच्या उभे राहण्यातच स्पष्ट होते.

1972 च्या ‘पिंजरा’मध्ये खेबुडकरांच्याच शब्दांना राम कदमांचे संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज मिळाला. तो गोड आणि धारदार आवाज नव्या पिढीला लावणीचा आवाज वाटू लागला आणि तमाशापटांचा बहर पुढे ओसरला. तोवर सुलोचनाबाईंच्या लावण्या चित्रपटांवर अवलंबून राहिल्या नव्हत्या. 1963 मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या सांगली केंद्रामुळे या भागात मराठी गाणे घरोघरी पोचले होते. नंतर कॅसेट आल्या आणि त्यांवर वेगवेगळ्या चित्रपटांतल्या, वेगवेगळ्या कवींच्या लावण्या एका गायिकेच्या नावाखाली एकत्र भरल्या गेल्या. तबकडीवर निदान चित्रपटाचे नाव वेगळे असे. कॅसेटच्या वेष्टनावर सुलोचनाबाईंचा फोटो आणि त्यांचेच नाव मोठे. खेबुडकर, माडगूळकर, बढे हे एकाच बाजूवर एकामागून एक वाजत राहिले आणि ऐकणाऱ्याला तो एकाच बाईचा संसार वाटला.

आज कोल्हापुरात लावणी गाऊ पाहणाऱ्या मुली त्याच ध्वनिमुद्रिका मोबाइलवर लावून तालीम करतात. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या बाजूची मुलगी घरात आईशी ‘म्हणत्यात’ असेच बोलत असते. तालमीला बसली की ती गाणे थांबवते, मागे घेते, आणि ‘म्हणत्यात’ कसे म्हणायचे ते गिरगावच्या बाईकडून पुन्हा ऐकून घेते.