सिकुलीएक्स एडिटर

सिकुलीएक्स एडिटर : पडद्यावरची चित्रे ओळखून माउस आणि कीबोर्डची कामे आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट (संगणकासाठी क्रमाने लिहिलेल्या आज्ञा) लिहिण्याचे, तपासण्याचे व चालवण्याचे मोफत सॉफ्टवेअर. मूळ सिकुली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत टॉम येह, त्सुंग-ह्सियांग चांग व रॉबर्ट मिलर यांनी घडवले. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००९ मध्ये आला. पुढे राइमुंड होके यांनी ते सिकुलीएक्स या नावाने सांभाळले. ते जावा या प्रोग्रामिंगच्या व्यवस्थेवर चालते आणि चित्र जुळवण्यासाठी ओपनसीव्ही हे चित्रे ओळखणारे सॉफ्टवेअर वापरते. स्क्रिप्टची भाषा जायथॉन, म्हणजे जावावर चालणारी पायथॉन २.७ ही प्रोग्रामिंगची भाषा.

विदर्भात याचा खरा उपयोग जिनिंगच्या कचेरीत, अडत दुकानात आणि गावच्या सोसायटीत होऊ शकतो. हंगामात हिंगणघाट, वणी, अकोट अशा बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावरची नोंद एका ठिकाणी आणि शेतकऱ्याचा चुकारा काढायचे सॉफ्टवेअर दुसरेच असले, की दिवाणजीला गाडी क्रमांक, नाव, गाव, भरलेले वजन, रिकामे वजन हे सगळे पुन्हा हाताने भरावे लागते. जुन्या सॉफ्टवेअरला बाहेरून माहिती घेण्याची सोय नसते, पण पडदा असतो, आणि सिकुलीएक्सला तेवढा पुरतो.

मांडणी : संगणक व विंडोज दोन्ही ६४ बिट लागतात. ३२ बिट विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रांवर ते चालत नाही, हे उतरवून घेण्याआधीच पाहावे. सिकुलीएक्सच्या २.० मालिकेत जायथॉनचा भाग वेगळा उतरवून एक्स्टेन्शन्स फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. नेट तालुक्यालाच धड मिळत असेल, तर दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर आणाव्यात. खिडकीत वर पडद्याचे चित्र घेणे, क्षेत्र आखणे, चालवणे आणि संथ चालवणे यांची बटणे, मध्ये लिहिण्याची जागा आणि त्याखाली संदेशांची पट्टी असते. स्क्रिप्ट अडली की ती कोणत्या ओळीवर अडली ते या पट्टीत दिसते.

इतर एडिटरपेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे कोडच्या ओळीतच चित्र दिसते. कंट्रोल-शिफ्ट-२ दाबले की पडदा गडद होतो, हवा तेवढा भाग माउसने ओढून निवडायचा आणि ते चित्र क्लिक या आज्ञेच्या कंसात बसते. नको असेल तर एस्केप. त्या छोट्या चित्रावर क्लिक केल्यावर उघडणारी खिडकी हा या एडिटरचा सर्वांत मोलाचा भाग आहे. ते चित्र पडद्यावर कुठे कुठे जुळते, ते स्क्रिप्ट न चालवताच त्यात कळते. जुळणीची मर्यादा मुळात ०.७ असते (१ म्हणजे तंतोतंत सारखे). दोन सारख्या बटणांत गोंधळ होत असेल तर ती ०.९ पर्यंत चढवावी, थेट ०.९९ केली तर अक्षरांच्या कडेचा बारीक फरकही आडवा येतो.

रिकाम्या रकान्यांसाठी याच खिडकीतली दुसरी सोय लागते. नाव, गाव, वजन यांचे पांढरे चौकोन एकसारखेच दिसतात, म्हणून चौकोनाचे चित्र घेऊ नये. ‘गाव’ या लेबलाचे चित्र घ्यावे आणि टार्गेट ऑफसेटमध्ये क्लिकची जागा उजवीकडे, रकान्याच्या मध्यावर सरकवावी. चित्रात तारीख, पावती क्रमांक किंवा लुकलुकणारा कर्सर येऊ देऊ नये. उद्या तो भाग बदलला की स्क्रिप्ट बंद.

मराठी मजकूर : टाइप ही आज्ञा अमेरिकन कीबोर्डची मांडणी धरून चालते. देवनागरी नावे तिने उतरत नाहीत, आणि कीबोर्ड मराठीवर राहिला तर इंग्रजी आकडे-अक्षरेही भलतीच पडू शकतात. नावांसाठी पेस्ट ही आज्ञा वापरावी व थेट लिहिलेल्या मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी यू हे इंग्रजी अक्षर द्यावे. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता) काढली, तर फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण बसते आणि पहिल्याच रकान्याचे नाव सापडत नाही. वाचताना ती काढून टाकावी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उलटे करावे लागते. तिथे युनिकोड पेस्ट केल्यास नाव बिघडते, म्हणून त्या फॉन्टच्या कळा टाइपने पाठवाव्या लागतात.

बिघाड : बहुतेक वेळा कोड बरोबर असतो, चुकते ते चित्र किंवा वेळ. क्लिक ही आज्ञा चित्राची ३ सेकंद वाट पाहते. तेवढ्यात ते दिसले नाही तर ‘सापडले नाही’ अशी त्रुटी देऊन स्क्रिप्ट थांबते. मंद यंत्रावर पुढच्या पानाचे चित्र देऊन वेट (थांबा) या आज्ञेत २० किंवा ३० सेकंद लिहावेत. ठरावीक झोप देणाऱ्या स्लीपवर विसंबू नये. कधी येणारी, कधी न येणारी सूचना एक्झिस्ट्स या आज्ञेने तपासावी, कारण चित्र सापडले नाही तरी ती आज्ञा त्रुटी देत नाही. एका यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडली, तर आधी विंडोजचे स्केल पाहावे. १०० टक्क्यांवर घेतलेले चित्र १२५ टक्क्यांवर सहसा जुळत नाही. पडद्याचा उजेड कमी-जास्त केल्याने मात्र काही बिघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या कोडमध्ये वाकडी अवतरणचिन्हे आणि टॅब-स्पेसची सरमिसळ येते, ती हाताने नीट करावी. स्क्रिप्ट नावाच्या शेवटी .सिकुली असलेल्या फोल्डरमध्ये चित्रांसह साठते, म्हणून दुसऱ्याला देताना पूर्ण फोल्डर द्यावे. साठवताना कोडमध्ये नाव नसलेली चित्रे एडिटर पुसून टाकतो. जपायची असतील तर त्यांची वेगळी प्रत ठेवावी.

चालवताना : पहिल्यांदा संथ चालवावे; प्रत्येक क्लिक कुठे पडणार ते पडद्यावर दिसते. मग दोन-तीन पावत्यांवरच पाहावे आणि सुरुवातीचे काही दिवस ‘सेव्ह’ माणसानेच दाबावे. एक ओळ सरकली तर एका शेतकऱ्याचा चुकारा दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि वर्षभराच्या कष्टाच्या पैशाशी असा खेळ चालत नाही. नोंद साठली की तिचा पावती क्रमांक लगेच वेगळ्या मजकूर फाइलीत लिहावा. मधेच वीज गेली तर पुन्हा सुरू करताना स्क्रिप्टने ती फाइल आधी वाचावी, म्हणजे तीच गाडी दोनदा चढत नाही.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये, तो कुणालाही साधा वाचता येतो. शासकीय संकेतस्थळावरचे कॅप्चा आणि ओटीपी माणसाच्या खात्रीसाठी असतात. ते टाळण्यासाठी ही साधने वापरू नयेत.

स्क्रिप्ट चालू असताना माउसला हात लावू नये, स्क्रीनसेव्हर व लॉक बंद ठेवावेत. पडदा लॉक झाला की जुळवायला चित्रच उरत नाही. क्लिक भलतीकडे पडू लागले तर माउसशी झटापट न करता ऑल्ट-शिफ्ट-सी दाबावे, त्याने स्क्रिप्ट थांबते. या तीन कळा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवून ठेवाव्यात, कारण त्या वेळी खुर्चीवर स्क्रिप्ट लिहिणारा असेलच असे नाही.