लेमलिच, क्लारा

लेमलिच, क्लारा : (२८ मार्च १८८६–१२ जुलै १९८२). न्यूयॉर्कच्या तयार कपड्यांच्या धंद्यातील स्त्री-कामगारांची ज्यू नेता. जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील गोरोडोक (युक्रेन) येथे. घरची भाषा यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची बोली). वडिलांचा रशियन शिकण्यास विरोध होता. तेव्हा शिंप्यांकडे काजे करून आणि निरक्षर आयांची अमेरिकेतल्या मुलांना जाणारी पत्रे लिहून तिने रशियन पुस्तकांपुरते पैसे मिळवले. किशिनेव्ह येथील ज्यूविरोधी दंगलीनंतर, १९०३च्या सुमारास, कुटुंब अमेरिकेस गेले.

तेथे ती शर्टवेस्ट, म्हणजे स्त्रियांचा बटणांचा सदरा, शिवणाऱ्या कारखान्यांत कामाला लागली. सुई-दोऱ्याचे पैसे मजुरीतून कापले जात, उशीर झाल्यास दंड होई. लेमलिच ड्रेपर होती. मापाच्या पुतळ्यावर कापड बसवण्याचे हे काम कसबाचे व त्यातल्या त्यात बऱ्या मजुरीचे.

२२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन सभागृहात सार्वत्रिक संपाचा विचार करण्यासाठी सभा भरली. अमेरिकन कामगार महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स यांच्यासह अनेकांची सावध भाषणे लांबल्यावर लेमलिच बोलण्याची परवानगी मागून व्यासपीठावर गेली आणि सर्वसाधारण गोष्टी ऐकून कंटाळा आला, सार्वत्रिक संपाचा ठराव करा, असे यिडिशमधून म्हणाली. तिचे नेमके शब्द निश्चित करणे अवघड आहे. प्रचलित पाठ वृत्तपत्रांतील इंग्रजी भाषांतरांवरून आलेले असून ते एकमेकांशी जुळत नाहीत. सभेचे अध्यक्ष फायगेनबाऊम यांनी नंतर श्रोत्यांकडून जी शपथ वदवून घेतली (‘द्रोह केला, तर उचललेला हा हात झडून जावो’, अशा आशयाची), तिचे मूळ बायबलमधील जेरुसलेमविषयीच्या १३७व्या स्तोत्रात आहे. गर्दीतून अचानक उठलेली अनोळखी पोर, हे तिचे चित्र लोकप्रिय असले, तरी ते फारसे ग्राह्य वाटत नाही. वस्त्रोद्योग कामगार संघटनेच्या २५ क्रमांकाच्या शाखेची ती १९०६पासून कार्यकर्ती होती, आधीचे संप तिने लढवले होते आणि लायसरसनच्या कारखान्यापुढील निदर्शनांत भाडोत्री गुंडांच्या मारहाणीत तिच्या बरगड्या मोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संप सुरू झाला. तो ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणून ओळखला जातो. संपकऱ्यांची संख्या काही अभ्यासक तीस हजारांपर्यंत नेतात. फेब्रुवारी १९१०मध्ये तो मिटला. बहुतेक मालकांनी आठवड्याला ५२ तासांचे काम व इतर सवलती मान्य केल्या. शर्टवेस्ट बनवणाऱ्या ट्रँगल कंपनीने मात्र संघटनेशी करार केला नाही. तिच्याच कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या आगीत १४६ जणांचा बळी गेला.

मालकांच्या काळ्या यादीत नाव गेल्याने लेमलिचला त्या धंद्यात काम मिळेना. ती कामगार स्त्रियांच्या मताधिकार चळवळीकडे वळली. १९१३मध्ये जो शॅव्हेल्सनशी विवाह. पुढे कम्युनिस्ट पक्षात; गृहिणींचे भाडेवाढविरोधी लढे आणि मांसाच्या चढ्या दरांविरुद्धचा १९३५चा मांसबहिष्कार यांच्या संघटनेत तिचा वाटा होता. अखेरच्या काळात लॉस एंजेलिसच्या ज्यू वृद्धाश्रमात असताना तिने व्यवस्थापनाला शेतमजुरांच्या द्राक्ष-बहिष्कारात सामील व्हायला लावले आणि तेथील सेवकांना संघटना बांधायला मदत केली.