अखंड भित्तिपोत
अखंड भित्तिपोत : त्रिमितीय संगणकीय प्रतिकृतीतील भिंतीवर चढवण्यासाठी तयार केलेले, जीर्ण पृष्ठभागाचे चौकोनी चित्र. त्याची डावी कड उजव्या कडेशी आणि वरची कड खालच्या कडेशी तंतोतंत जुळत असल्यामुळे ते कितीही वेळा शेजारी-शेजारी मांडले, तरी सांधा दिसत नाही. सुटलेले पोपडे, भेगा, ओल, क्षार आणि उघडी पडलेली वीट हे त्याचे नेहमीचे विषय होत.

चित्र वक्र पृष्ठभागावर बसवण्याची पद्धत एडविन कॅटमल यांनी युटा विद्यापीठाला सादर केलेल्या १९७४ च्या प्रबंधात मांडली, याविषयी फारसे दुमत नाही. कडा जुळवण्याच्या कल्पनेचे मूळ मात्र तितके निश्चित सांगता येत नाही. एका मतानुसार ते कापडावरील ठसाछपाईत आणि भिंतीवर चिकटवण्याच्या छापील कागदात शोधावे लागते. प्रतलावर नक्षीची पुनरावृत्ती करणाऱ्या सममितींचे सतराच गट संभवतात, हे येवग्राफ फेदोरोव यांनी १८९१ मध्ये दाखवले होते आणि अखंड पोत सामान्यतः त्यांपैकी सर्वांत साध्या, केवळ सरकवण्यावर आधारलेल्या गटात मोडतो. दुसऱ्या मतानुसार, १९८० च्या सुमारास व्हिडिओ गेमच्या यंत्रांतील स्मृती इतकी तोकडी होती, की छोटे तुकडे पुनःपुन्हा मांडूनच मोठे दृश्य उभे करावे लागे आणि त्या गरजेतून हे तंत्र रूढ झाले. भूमितीपुरते पहिले मत योग्य आहे; परंतु ठसाकाराला पुनरावृत्ती दिसायला हवी असते, तर भित्तिपोतात ती लपवायची असते. हा उद्देशभेद लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

छायाचित्रातून अखंड पोत करण्याची जुनी रीत म्हणजे चित्र आडवे व उभे निम्म्याने सरकवणे. त्यामुळे बाहेरच्या कडा मध्यभागी येतात आणि तेथील विसंगती हाताने बुजवता येते. पुढे अलेक्सेई एफ्रोस आणि विल्यम फ्रीमन यांनी २००१ मध्ये, नमुन्याचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून कमीत कमी फरकाच्या रेषेवर कापण्याची पद्धत दिली. हाओ वांग यांच्या १९६१ मधील रंगीत कडांच्या चौकोनांचा उपयोग योस स्टाम यांनी १९९७ मध्ये पोतासाठी केला; त्यात निरनिराळे चौकोन न फिरवता, सारख्या रंगाच्या कडा एकमेकींना लागतील अशा बेताने अनियमित क्रमाने मांडता येत असल्याने एकच डाग ठरावीक अंतराने दिसण्याचा दोष कमी होतो.

रंगचित्राखेरीज खडबडीतपणा, उंची आणि पृष्ठभागाची दिशा यांची स्वतंत्र चित्रे लागतात. जेम्स ब्लिन यांच्या, उंचसखलपणा केवळ भासवण्याच्या १९७८ मधील पद्धतीत पृष्ठभाग प्रत्यक्ष हलत नाही, केवळ त्यावरील प्रकाशाचे गणित बदलते. त्यामुळे भिंतीच्या कोपऱ्यावर गिलाव्याचा पापुद्रा सुटलेला असला, तरी बाह्यरेषा सरळच राहते. तेथे रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये मांडलेले प्रत्यक्ष विस्थापन, म्हणजे पृष्ठभागच खरोखर सरकवणे, वापरावे लागते. ओल्या जागी रंग गडद करणे पुरेसे नसते, खडबडीतपणाही कमी करावा लागतो. ही बाब वारंवार दुर्लक्षिली जाते.

पुण्यातील वाड्यांच्या संदर्भात या तंत्राची मर्यादा ठळक होते. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याच्या तटबंदीचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. पेठांतील वाड्यांतही काळ्या बेसाल्टचे जोते आणि त्यावर लाकडी चौकटीत विटा किंवा माती भरून चुन्याचा गिलावा, अशी रचना आढळते. अशा भिंतीची पडझड उंचीनुसार बदलते. जमिनीतील ओल केशाकर्षणाने चढते, ती जेथे सुकते तेथे क्षारांचे स्फटिक धरतात आणि गिलावा आतून ढकलला जातो. पागोळ्यांचे ओघळ वरून उतरतात, तर शिंतोड्यांचा पट्टा तळाशी राहतो. अखंड पोताला वर-खाली असा भेद नसल्याने क्षाराचा पट्टा त्यात एकदा शिरला, की तो दुसऱ्या मजल्यावरही उमटतो. म्हणून धड गिलावा, उघडी वीट आणि दगड यांचे पोत स्वतंत्र ठेवून पडझड मात्र त्या-त्या भिंतीसाठी वेगळ्या मुखवटा-चित्राने (कोणता पोत कोठे दिसावा हे सांगणाऱ्या चित्राने) ठरवणे, हीच पद्धत विश्वसनीय मानावी. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतील अनेक मातीच्या भिंती ढासळल्या. तशा प्रकारची हानी दाखवताना तर पोतापेक्षा भिंतीचा आकारच बदलावा लागेल.

छायाचित्रणासाठी पावसाने उघडीप दिल्यानंतरचा, भिंत वाळलेली असेल असा ढगाळ दिवस उत्तम, कारण सावल्या चित्रातच गोठल्या तर प्रतिकृतीतील प्रकाशाशी त्यांचा मेळ बसत नाही. चौकटीत मोजपट्टी ठेवणे आवश्यक असते; जुन्या पातळ विटा आजच्या विटांच्या मापाने बसवल्यास सगळी भिंतच खोटी दिसते. दोन मीटर रुंदीला २०४८ चित्रबिंदू (पिक्सेल) दिल्यास एका बिंदूत सुमारे एक मिलिमीटर सामावतो.

लांबून पाहताना लान्स विल्यम्स यांच्या १९८३ मधील पद्धतीने पोताच्या क्रमाने निम्म्या होत जाणाऱ्या प्रती वापरल्या जातात. त्यांत भेगा सरासरीत विरून जातात आणि मोठे डाग तेवढे उरतात, त्यामुळे पुनरावृत्ती जवळून दिसते त्यापेक्षा दुरून अधिक जाणवते. यावर उपाय म्हणून मोठ्या मापाचा, केवळ फिकट-गडद छटांचा दुसरा पोत वर चढवतात. त्याची रुंदी पहिल्याच्या पूर्ण पटीत ठेवू नये.